ट्रेलरमधल्या लहान फ्रिजकडून पुरेपूर काम कसे करून घ्यावे

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ताम्हिणी घाट उतरून आम्ही दिवेआगरला मुक्काम केला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे चहासाठी दुधाची पिशवी काढायला गेलो, तर गाडीमागे ओढायच्या, मुक्कामाच्या ट्रेलरमधल्या ३५ लिटरच्या फ्रिजचा दिवा लुकलुकत होता, दूध नासण्याच्या बेतात होते आणि इडलीचे पीठ डब्याचे झाकण उचलून शेजारच्या श्रीखंडावर उतरले होते. बॅटरी संपली असावी असे वाटून मल्टिमीटर लावला, तर तिच्या टोकांवर १२.२ व्होल्ट दिसत होते, म्हणजे निम्मा चार्ज शिल्लक होता. तोच मल्टिमीटर फ्रिजच्या प्लगपाशी धरून कॉम्प्रेसर सुरू होण्याची वाट पाहिली, तेव्हा आकडा ११.२ वर घसरला आणि फ्रिज पुन्हा बंद पडला. दोष फ्रिजचा नव्हता, बॅटरीचाही नव्हता. मी स्वतः हौसेने टाकलेली वायर बारीक होती.

त्यानंतर या विषयाचा जो काही अभ्यास घडला, तो पुण्यातून ट्रेलर घेऊन निघणाऱ्यांना उपयोगी पडावा म्हणून इथे मांडतो आहे. परदेशी माहितीपत्रकांत दिलेले आकडे बहुधा २५ अंश तापमान गृहीत धरून काढलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत चढतो, उन्हात उभ्या राहिलेल्या बंद ट्रेलरच्या आत तर तो त्याहूनही वर जातो, आणि घाट उतरून कोकणात गेले की उकाड्याला दमटपणाची जोड मिळते. अशा हवेत लहान फ्रिजची ताकद तोकडी पडते. म्हणून ती ताकद गरम वस्तू गार करण्यात न घालवता, घरून गार करून आणलेल्या वस्तू गार ठेवण्यासाठीच राखून ठेवणे हे या लेखातल्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचे मूळ आहे.

आधी फ्रिजची जात ओळखावी

लहान ट्रेलरमध्ये तीन प्रकारचे फ्रिज आढळतात आणि तिन्हींचे स्वभाव इतके वेगळे आहेत की एकाला लागू पडणारा सल्ला दुसऱ्याला मारक ठरू शकतो.

सर्वांत स्वस्त प्रकार थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे पेल्टिअर चकतीवर (वीज दिली की जिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते) चालणारा असतो. दुकानात त्याला ‘कार फ्रिज’ म्हणतात. तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशांनी आतले तापमान खाली आणू शकतो. पुण्यात ३९ अंश तापमान असताना याचा अर्थ आत १९ ते २४ अंश असा होतो, आणि त्या तापमानाला दूध-दही सुरक्षित राहत नाही. शिवाय तो बहुधा न थांबता चालत राहतो आणि बॅटरीतून सतत ४ ते ५ अँपिअर ओढतो. डिसेंबरच्या थंडीत पाणी गार ठेवायला तो ठीक आहे. त्यापलीकडे त्याच्यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार अ‍ॅबसॉर्प्शन फ्रिजचा. हा गॅस, १२ व्होल्ट आणि घरगुती २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालतो. त्यात मोटर नसते, कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे मिश्रण उष्णतेच्या जोरावर नळ्यांतून फिरत राहते. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही रचना शोधून काढली आणि १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ती विकत घेतली. अजिबात आवाज न करणारे हे यंत्र गॅसवर असताना फार काटकसरी असते, पण १२ व्होल्टवर ते ८ ते १५ अँपिअर खाते. म्हणून गाडीचे इंजिन चालू असतानाच त्याला बॅटरीवर ठेवावे. गाडी उभी राहिली आणि आपण विसरलो, तर सकाळपर्यंत बॅटरी झोपलेली असते.

तिसरा प्रकार डीसी कॉम्प्रेसरवरचा. तो १२ किंवा २४ व्होल्टवर थेट चालतो, पुण्याच्या उन्हाळ्यातही आत ३-४ अंश राखू शकतो आणि गरज असेल तर उणे तापमानालाही जातो. ३५ ते ४० लिटरचा असा फ्रिज चालू असताना साधारण ४५ ते ५० वॅट, म्हणजे जवळपास ४ अँपिअर घेतो, आणि आत पुरेसे गार झाले की थांबतो. आज नवीन घ्यायचा असेल तर आपल्या हवामानासाठी हाच घ्यावा.

वायर, फ्यूज आणि प्लग

वर सांगितलेल्या फजितीचा हिशेब आता मांडतो, कारण आजवर पाहिलेल्या बहुतेक ‘बिघडलेल्या’ फ्रिजमागे हेच कारण निघाले आहे. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत माझी वायर ६ मीटर होती. वीज जाते आणि परतही येते, म्हणून प्रत्यक्षात १२ मीटर तांबे मोजावे लागते. १ चौरस मिलिमीटरच्या १२ मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.२ ओहम भरतो. त्यातून ५ अँपिअर गेले की १ व्होल्ट वाटेतच मुरतो. बॅटरी १२.२ वर असताना फ्रिजला मिळतात ११.२, आणि माझ्या फ्रिजचे बॅटरी-संरक्षण (व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेले की फ्रिज बंद करणारी सोय) ‘हाय’ वर, म्हणजे ११.३ व्होल्टवर लावलेले होते. बॅटरी रिकामी होत आली आहे अशी त्याची समजूत झाली आणि त्याने इमानाने स्वतःला बंद करून घेतले.

तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट पाव व्होल्टवर येते, आणि ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर त्याहूनही कमी. अ‍ॅबसॉर्प्शन फ्रिज दुप्पट-तिप्पट अँपिअर ओढत असल्याने त्याला ६ पेक्षा कमी जाडीची वायर देऊच नये. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात वायर, फ्यूज, होल्डर आणि कनेक्टर असे सगळे एका फेरीत मिळते. ट्रेलरच्या बाजूचे प्लग-सॉकेट आणि गाडीचे सुटे भाग नाना पेठेत पाहावेत. वायर घेताना ती पूर्ण तांब्याची आहे याची खात्री करावी, कारण तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते आणि वजनाला हलकी लागते.

क्रम असा ठेवावा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. अ‍ॅबसॉर्प्शन फ्रिज असल्यास फ्यूज त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याचा घ्यावा. तिथून स्वतंत्र जाड वायर थेट फ्रिजपर्यंत न्यावी आणि मध्ये दुसरे काहीही जोडू नये. शेवटी सिगारेट-लायटरच्या सॉकेटऐवजी अँडरसन कनेक्टरसारखा घट्ट बसणारा जोड वापरावा. लायटरचा प्लग खराब रस्त्यावर सैल होतो, गरम होतो आणि कधी कधी वितळतोही. काम झाल्यावर कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीपाशी आणि फ्रिजपाशी अशी दोन मापे घ्यावीत. दोन्हींतला फरक ०.३ व्होल्टच्या आत असला की समाधान मानावे.

बॅटरी-संरक्षणाचे तीन टप्पे असतात; ‘हाय’वर फ्रिज सर्वांत आधी बंद होतो, ‘लो’वर सर्वांत उशिरा. फ्रिज गाडीच्याच मुख्य बॅटरीवर चालत असेल तर ‘हाय’, कारण सकाळी गाडी सुरू झाली पाहिजे. ट्रेलरला वेगळी बॅटरी असेल तर ‘मीडियम’. लिथियम बॅटरीला स्वतःचे संरक्षण असते, त्यामुळे तिथे ‘लो’ चालते.

किती बॅटरी लागेल

मे महिन्यात दिवसा असा फ्रिज तासातली तीसेक मिनिटे, कधी त्याहूनही जास्त चालतो आणि रात्री त्यापेक्षा कमी. सरासरी ४५ टक्के वेळ धरला तर ४ अँपिअरच्या हिशेबाने २४ तासांत सुमारे ४३ अँपिअर-तास लागतात. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याच्या थंडीत हाच खर्च निम्म्यावर येतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीतून हिशेबात ५०च धरावेत, म्हणजे उन्हाळ्यात जेमतेम एक दिवस. तेवढ्याच लिथियम फॉस्फेट बॅटरीतून ८० ते ९० निर्धास्त मिळतात आणि वजनही निम्म्याच्या आसपास असते. घरातल्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी उचलून ट्रेलरमध्ये ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. ती चालते, पण तिचे वजन पन्नास किलोंच्या घरात जाते, घाटात आडवी झाली तर आम्ल सांडते आणि चार्ज होताना ती वायू सोडते, त्यामुळे जिथे झोपायचे तिथे ती नसावी.

१०० वॅटचे सोलर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण २५ ते ३० अँपिअर-तास देते. दोन पॅनेल असतील तर उन्हाळ्यात फ्रिजचा खर्च भागतो आणि थोडे उरतेही. पावसाळ्यात मुळशी किंवा लोणावळ्याच्या ढगांखाली मात्र त्याच्या भरवशावर राहू नये. गाडी चालवताना बॅटरी भरून घ्यायची असेल तर २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये एक अडचण येऊ शकते: यांतल्या बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र) इंधन वाचवण्यासाठी मध्येच व्होल्टेज खाली आणतो आणि ट्रेलरची बॅटरी अर्धवट राहते. त्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे गाडीकडून येणारे कमी-जास्त व्होल्टेज ट्रेलरच्या बॅटरीला हवे तेवढे करून देणारा चार्जर, लावावा लागतो. खर्चिक आहे, पण एकदाच करायचा आहे.

फ्रिजला श्वास घेऊ द्यावा

फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि बाहेर टाकलेली उष्णता तिथेच घुटमळत राहिली तर तो तीच पुन्हा पुन्हा उपसत बसतो. सुताराकडून फ्रिजच्या मापाचे सुबक कपाट करून घेणे ही ट्रेलर सजवणाऱ्यांची आवडती चूक आहे. कॉम्प्रेसर फ्रिजच्या ज्या बाजूला जाळी आणि पंखा असतो त्या बाजूला किमान चार बोटे मोकळी जागा हवी, आणि गरम हवा वरून निघून जाईल अशी वाट हवी. त्या फटीत चादरी, चपला किंवा ताडपत्री कोंबू नये.

अ‍ॅबसॉर्प्शन फ्रिजला तर ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीत खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या लागतात. खालून हवा आत येते, मागच्या पात्यांना लागून तापते आणि वरून जाते. ही वाट नीट नसेल तर ३५ अंशांच्या पुढे तो अक्षरशः हात टेकतो. वरच्या जाळीमागे संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा लहान पंखा लावला की फरक जाणवतो.

ट्रेलर कुठे आणि कसा उभा करावा, याचाही इथे संबंध आहे. सावलीसाठी झाड मिळाले तर उत्तमच, फक्त ते नारळाचे नसावे. झाड नसेल तर फ्रिजची भिंत दुपारच्या उन्हाकडे पाठ करून असावी. आपल्याकडे सरसकट ‘उत्तर बाजू गार’ असे मानतात, ते हिवाळ्यात बरोबर आहे. मेच्या मध्यावर मात्र पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि मावळताना पश्चिमेच्याही थोडा उत्तरेला सरकतो. त्यामुळे उन्हाळ्यात फ्रिजची बाजू पूर्वेकडे ठेवणे अधिक शहाणपणाचे. छतावर हातभर उंचीवर पांढरी ताडपत्री ताणली, तर त्या दिवसांत बाजूच्या सावलीपेक्षा तिचाच उपयोग जास्त होतो.

पाणसळ

अ‍ॅबसॉर्प्शन फ्रिज असलेल्यांनी गवंड्याकडे असते तशी लहान पाणसळ जवळ बाळगावी. या फ्रिजमधला द्रव केवळ उतारामुळे वाहतो, त्यामुळे ट्रेलर साधारण ३ अंशांपेक्षा जास्त कलला तर तो एका जागी साचतो, गार होणे थांबते, आणि बराच वेळ तसाच चालू राहिला तर नळीत कायमचा अडथळा तयार होतो. धावत्या गाडीत कल सतत बदलत असल्याने घाटात फारसे बिघडत नाही. उतारावर उभे राहून मुक्काम करणे घातक. ट्रेलरच्या तळाला नव्हे, फ्रिजच्या आत बर्फाच्या कप्प्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर आणावा आणि त्यासाठी चाकाखाली फळ्या घालाव्यात. मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर गळती आहे असे समजून फ्रिज लगेच बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. कॉम्प्रेसरवाल्या फ्रिजना कलाचे एवढे वावडे नसते.

गॅसविषयी थोडक्यात. ट्रेलरसाठी ५ किलोचे सुटे सिलिंडर घ्यावे. लहान फ्रिजला दिवसाला पाव किलोच्या आसपास गॅस लागत असल्याने ते दोन आठवड्यांहून अधिक पुरते. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत भोक हवेच. गाडी चालू असताना गॅस बंद ठेवावा, आणि पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी तर तो बंद असल्याची खात्री करूनच घ्यावी. जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. ज्योत निळी असावी. ती पिवळी पडली असेल तर बर्नरमध्ये काजळी, कोळिष्टक किंवा कुंभारमाशीचे मातीचे घर असण्याची शक्यता मोठी, कारण पावसाळ्यात ट्रेलर चार महिने उभा राहिला की या माशीला त्याहून चांगली जागा सापडत नाही. ते मऊ ब्रशने काढावे. जेटच्या, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या तोटीच्या, भोकात सुई किंवा टाचणी घालू नये. भोक केसाएवढे जरी रुंदावले तरी ज्योत कायमची बिघडते.

निघण्याच्या आदल्या दिवशी

खरी कमाई इथे होते. एक उदाहरण घेऊ. घरातल्या नळाचे पाणी उन्हाळ्यात ३५ अंशांचे आहे आणि अशा एक लिटरच्या सहा बाटल्या आपण निघताना फ्रिजमध्ये ठेवल्या. त्यांना ५ अंशांवर आणायला सुमारे २१० वॅट-तास एवढी उष्णता बाहेर काढावी लागते. लहान कॉम्प्रेसर एक युनिट विजेवर सव्वा ते दीड युनिट उष्णता काढतो असे धरले, तर बॅटरीतून १२ ते १४ अँपिअर-तास निव्वळ पाणी गार करण्यात जातात. वर काढलेल्या दिवसाच्या खर्चाचा हा जवळपास तिसरा हिस्सा झाला. त्याच बाटल्या आदल्या रात्री घरच्या मोठ्या फ्रिजमध्ये गार करून घेतल्या, तर हा खर्च शून्य होतो.

म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच ट्रेलरचा फ्रिज घरच्या २३० व्होल्टवर लावावा. कॉम्प्रेसरवाल्याला तीन-चार तास पुरतात, अ‍ॅबसॉर्प्शनला आठ ते बारा तास द्यावेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वायर टाकण्यावरून कुरबूर होणार असेल तर, फ्रिज सुटा असल्यास, तो घरातच आणून लावावा. एका लहान डब्यात पाणी भरून त्यात थर्मामीटर बुडवून ठेवावा आणि तो डबा रात्रभर फ्रिजच्या मध्यावर राहू द्यावा. फ्रिजच्या पडद्यावरचा आकडा सेन्सरपाशी असलेल्या हवेचा असतो. पाण्यातला आकडा हा दुधाचा आणि उसळीचा असतो. तो ५ अंशांच्या खाली आला की मगच सामान भरावे, आणि भरायचे ते सगळे आधीपासून गार झालेले असावे. जे गोठवता येईल ते गोठवावे, कारण एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी शोषायला गार पाणी कित्येक पट लागले असते. बाजारातल्या जेल पॅकपेक्षा मला दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या, खवलेल्या नारळाची चपटी पाकिटे आणि घट्ट केलेली आमटी गोठवून नेणे अधिक पटते: जागा एकच, काम दोन. गोठवलेले दूध वितळल्यावर थोडे कणीदार दिसते, चहाला काही फरक पडत नाही. तरी एखाद्या पक्क्या पुणेकराने तक्रार केलीच, तर त्याला न उघडलेल्या टेट्रापॅकमधले दूध द्यावे, जे फ्रिजबाहेरही टिकते.

काय बाहेर ठेवावे

फ्रिजमध्ये जागा करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या शिदोरीकडे वळणे. दुधात भिजवलेल्या दशम्या, गूळपोळ्या, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, मोरांबा, साजूक तूप यांतल्या एकालाही दोन-तीन दिवसांच्या सहलीत फ्रिज लागत नाही. कांदे, बटाटे, टोमॅटो, केळी बाहेरच बरी. कोकणातून परतताना घेतलेला कच्चा हापूस तर चुकूनही फ्रिजमध्ये घालू नये. १२-१३ अंशांखाली तो नीट पिकत नाही, साल काळवंडते आणि चव उतरते.

इडलीचे पीठ न्यायचे असेल तर ते फुगण्याच्या आधी, ताजे वाटल्या वाटल्या गार करून, डबा निम्माच भरून न्यावे. हा धडा मला श्रीखंडाच्या किमतीत मिळाला आहे.

कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या सुती पंच्यात गुंडाळून डब्यात घालावी. मोड आलेली मटकी कच्ची नेण्यापेक्षा अर्धवट शिजवून, गार करून नेलेली जास्त टिकते आणि कमी जागा घेते. इन्सुलिन बरोबर असेल तर त्याला २ ते ८ अंश हवेत आणि ते कधीही गोठता कामा नये. म्हणून ते गार भिंतीला किंवा बर्फाच्या पिशव्यांना चिकटू न देता, रुमालात गुंडाळून, वरच्या भागात वेगळ्या डबीत ठेवावे.

भरण्याची पद्धत

तुळशीबागेतले गोल स्टीलचे डबे दिसायला सुंदर असतात, पण चौकोनी जागेत गोल डबा ठेवला की पाचव्या हिश्शाहून अधिक जागा कोपऱ्यांत वाया जाते. ३५ लिटरच्या फ्रिजमध्ये ती ७ लिटर भरते, म्हणजे दोन दिवसांचे दूध आणि दही. चौकोनी डबे घ्यावेत आणि झाकणावर चिकटपट्टीने आत काय आहे ते लिहावे, म्हणजे शोधाशोधीत झाकण उघडे राहत नाही.

वरून उघडणाऱ्या फ्रिजमध्ये गारवा तळाशी बसतो. तळाला गोठवलेल्या पिशव्या, त्यावर दूध, दही, पनीर, त्यावर शिजवलेले पदार्थ आणि सर्वांत वर त्या दिवशी लागणाऱ्या वस्तू, असा उलटा क्रम लावावा: जे शेवटी लागणार ते आधी आत. कॉम्प्रेसरच्या वर जो लहान कट्टा असतो तो तुलनेने कोमट असतो. कोथिंबीर, मिरच्या आणि लोणी तिथे चांगले राहते. समोरून दार असलेल्या फ्रिजमध्ये सर्वांत गार जागा मागच्या पात्यांलगत असते आणि दही तिला टेकले तर गोठते. तिथे डब्यांमध्ये बोटभर फट सोडावी, कारण हवा फिरली नाही तर वरचे कोमट आणि खालचे बर्फ अशी स्थिती होते. अर्धा रिकामा फ्रिज दार उघडताक्षणी आतली गार हवा सांडून मोकळा होतो, म्हणून सामान संपत जाईल तसे रिकाम्या जागी गार पाण्याच्या बाटल्या घालाव्यात. घाटात दाराची कडी लावली आहे का, हे निघताना एकाने पाहायचे असे ठरवूनच टाकावे.

मुक्कामावर

फ्रिज सर्वांत जास्त उघडला जातो तो पाण्यासाठी, आणि मुले बरोबर असतील तर दर दहा मिनिटांनी. यावर एकच उपाय मला उपयोगी पडला: प्यायच्या पाण्याचा आणि सरबताचा थर्मोकोलचा वेगळा खोका, त्यात वाटेत घेतलेला बर्फ, आणि फ्रिजला त्या खोक्याशी काही देणेघेणे नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठही छान गार पाणी देतो; कोकणात मात्र हवेत आधीच ओल असल्याने माठाची मात्रा चालत नाही.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिल्यावर हात रिकामे राहत नाहीत. ताजी सुरमई साफ करून, बर्फाच्या चुऱ्यात, आणखी एका स्वतंत्र खोक्यात ठेवावी आणि त्याच रात्री संपवावी. फ्रिजमध्ये ती घातली की उष्णता वाढते ती वाढतेच, शिवाय पुढचे चार दिवस लोण्याला तिचा वास येतो.

गरम उसळ कधीच आत ठेवू नये. पातेले गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून ढवळले तर ती पंधरा-वीस मिनिटांत हाताला गार लागते. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये आणि पारा ३२ च्या वर असेल तर एका तासातच त्याचा निकाल लावावा. पाण्यातल्या थर्मामीटरने रात्रीतून ५ चा आकडा ओलांडून बराच वेळ गेलेला दिसला, तर दूध उकळून पाहावे, पण भात, मासे आणि मांस टाकून द्यावे. तिथे हळहळ करू नये.

रात्री बाहेरची हवा गार असते, कॉम्प्रेसर कमी चालतो आणि फ्रिज उघडलाही जात नाही. दिवसा सोलर चांगले मिळत असेल तर दुपारी तापमान २ अंशांवर लावून साठा जास्त गार करून घ्यावा आणि सूर्य मावळला की ४ वर आणावे. सामानच अशा वेळी बॅटरीचे काम करते.

दाराचे रबर तपासायला दहा रुपयांची नोट पुरते. ती दारात धरून दार लावावे आणि ओढावी. सहज निघाली तर तिथून गारवा निघून जातो आहे. रबर बहुधा तुटलेले नसते, नुसते मळलेले आणि आखडलेले असते, आणि कोमट साबणाच्या पाण्याने पुसले की पुन्हा बसते. आतल्या भिंतीवर बर्फाचा थर पाच मिलिमीटरच्या पुढे गेला की फ्रिज बंद करून तो वितळू द्यावा. सुरी किंवा कालथ्याने खरवडू नये, कारण नळीला भोक पडले की आतला वायू जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये तो ज्वलनशील असतो.

परत आल्यावर

घरी पोहोचल्यावर दमलेले असलो तरी फ्रिज त्याच रात्री रिकामा करावा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून आतून पुसावा, तळाच्या भोकाचे बूच काढून पाणी जाऊ द्यावे आणि कोरड्या फडक्याने रबराच्या घड्या पुसाव्यात, कारण बुरशी तिथेच पहिल्यांदा धरते. ट्रेलर जून ते सप्टेंबर उभाच राहणार असेल तर सुटा फ्रिज काढून घरात आणावा. तो आडवा करून आणला असेल तर परत लावण्यापूर्वी काही तास सरळ उभा राहू द्यावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर येते. दार कधीही पूर्ण बंद करून ठेवू नये. आम्ही त्याच्या फटीत कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा अडकवतो आणि आत वर्तमानपत्राचे दोन चुरगळलेले गोळे ठेवतो, जे पावसाळ्यात महिन्यातून एकदा बदलावे लागतात.